जुनी आठशे की जुनी झेन: घरच्या शेडमध्ये कोणती उघडावी?

सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं खोलून पुन्हा उभी करायची छोटी गाडी म्हटली की आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच नावांवर चर्चा येऊन थांबते: मारुती आठशे आणि २००३ च्या आधीची, गोल चेहऱ्याची झेन. मी आठशे घेतली, माझ्या मित्रानं झेन. दोन्हींचं काम कोल्हापुरात एकाच पत्र्याच्या शेडमध्ये झालं आणि दोन्ही गाड्यांवर आम्ही दोघांनीही पाने चालवले. त्यामुळे खाली लिहितोय ते मोजमाप नाही, हाताचा अनुभव आहे. दुसऱ्याचा वेगळा असू शकतो.

चालवण्याचा विचार केला तर प्रश्नच मिटतो. झेन सरस आहे. तिचं ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन वर चढताना जसं मोकळं होतं, तसं आठशेचं तीन सिलिंडरचं कधीच होत नाही. रत्नागिरीला जाताना आंबा घाटात मित्राची झेन जे वळण तिसऱ्यात काढते, तिथे माणसं भरलेली माझी आठशे दुसऱ्यावर येते. झेनला पाचवा गिअर आहे, सीट खाली आहे, गाडी रस्त्याला धरून चालते. माझी आठशे ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे गेली की शेजारच्याशी आवाज चढवून बोलावं लागतं. तुम्हाला तयार गाडी घेऊन फक्त फिरायचं असेल तर झेन घ्या, मी अडवणार नाही.

पण इथे प्रश्न गाडी घरी उभी करण्याचा आहे, आणि तिथे हिशोब बदलतो.

इंजिनपासून सुरुवात करू. आठशेचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ठोकळा, बिडाचा; हेड, म्हणजे त्यावरचं झाकण, अॅल्युमिनियमचं. झेनचं इंजिन ब्लॉकसकट अॅल्युमिनियमचं. कंपनीनं हलकं आणि चपळ इंजिन केलं ते उत्तमच, पण वीस-पंचवीस वर्षांत ती गाडी चार-पाच मालकांच्या हातून गेलेली असते आणि त्यातल्या एखाद्यानं तरी कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतलेलं असतं. अॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं, पाण्याच्या वाटा चोंदतात, रेडिएटरचा पंखा वेळेवर लागत नाही आणि एका चढावर तापमानाचा काटा वर जातो. एकदा जोरात तापलेली झेन पुढेही त्रास देत राहते असं मला दिसलं. मित्राच्या गाडीचं हेड उद्यमनगरात लेथवर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, गॅस्केट नवं टाकलं, आता ती बरी चालते. तरी घाट संपेपर्यंत त्याची नजर काट्यावरच असते. आठशेही तापते, पण बिडाचा ब्लॉक तेवढं सोसतो.

बॉनेटखाली जागेचाही फरक आहे. झेनचं बॉनेट उतरतं, इंजिन खोलगट बसवलेलं. मागच्या बाजूचा होज क्लिप सोडवायचा तर मनगट वाकवून, आरशात बघून काम करावं लागतं. आठशेत बऱ्याच ठिकाणी अख्खा हात जातो. शिकणाऱ्याला हे फार मोलाचं आहे. प्लग, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, पेट्रोलचा पंप सगळं डोळ्यासमोर असतं आणि काय कशाला जोडलंय ते बघून समजतं. म्हणूनच मी शक्यतो कार्बोरेटरवाली आठशे सुचवतो. २००० नंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या हिशोबानं पेट्रोल फवारणारी, चालायला गोड, पण तिचं दुखणं शोधायला स्कॅनर आणि माहीतगार माणूस दोन्ही लागतात. गाडी कोणतीही घ्या, पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. कार्बोरेटरचं किट आणि पंपाचा डायफ्रॅमही त्याच वेळी बदलून टाकावा.

पत्र्याच्या बाबतीत दोघी सारख्याच. कोल्हापूरच्या पावसात किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, बॅटरीच्या ट्रेची खालची बाजू आणि मागच्या चाकांच्या कमानी आधी बघाव्या. वरून लांबी (खड्डे बुजवायचा लेप) भरून रंग मारलेला असेल तर चुंबक लावला की कळतं. आठशेचा पत्रा मला थोडा लवकर गंजणारा वाटला. हा तिचा खरा उणेपणा आहे आणि मी तो झाकत नाही.

आता माझं पारडं ज्या गोष्टीनं फिरलं ती सांगतो. ती इंजिनात नाही, दारात आहे.

दाराच्या काचेला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी रबराची खाच असते, तिला आपले कारागीर रनर म्हणतात. आतून तिला मखमलीसारखं अस्तर असतं, काच त्यावरून वर-खाली घसरते. पंचवीस वर्षांत अस्तर झिजून जातं, रबर कडक होऊन तडकतं. मग पावसाचं पाणी काचेवरून थेट दारात उतरतं. दाराच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजलेली असतात. पाणी आत साठतं आणि दार आतून गंजायला लागतं. बाहेरून रंगाला पहिला फोड येतो तोपर्यंत आतली कडा सडलेली असते. म्हणजे रनर बदलल्याशिवाय दाराचं पत्राकाम करण्यात अर्थ नाही, आणि दार झाल्याशिवाय रंगाला गाडी देता येत नाही. हातभर रबरासाठी पुढची सगळी कामं अडून राहतात.

आठशेचं रबर मागितलं तेव्हा दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "पुढच्या दाराचं का मागच्या, भावा?" आणि फळीवरून काढून दिलं. झेनचं मागितलं तर म्हणाला, "नाव-नंबर लिहून जा, आलं तर फोन करतो." फोन काही आला नाही. मित्रानं पुण्यात नाना पेठेत विचारलं, मुंबईला कुर्ल्यात भंगारातल्या गाड्यांची दारं उघडून बघितली. मिळालं ते एवढं सुकलेलं की काढताना हातात तुटलं. शेवटी मीटरवर मिळणारं सर्वसाधारण रबर कापून बसवलं. ते थोडं जाड आहे. काच निम्म्यावर अडते, मग एका हातानं हँडल फिरवत दुसऱ्या हातानं काच ओढून घ्यावी लागते. एवढी देखणी झालेली गाडी, आणि टोलनाक्यावर दरवेळी हा प्रकार. बाहेरचं दाराचं हँडल, मागच्या दिव्याची काच, डॅशबोर्डचा एसीचा जाळीदार तुकडा, प्रत्येकाची हीच कथा झाली.

याला कारणं आहेत. आठशेचा १९८६ चा सांगाडा पुढचा चेहरा बदलला तरी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत मूळचाच राहिला, आणि त्याच ७९६ सीसी घराण्याचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत होतं. त्यामुळे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांना अजून धंदा आहे. झेन १९९३ ते २००६, मध्येच २००३ ला चेहरा बदललेला, आणि नंतर एस्टिलो त्याच नावानं आली पण तिचं काहीच जुनीला बसत नाही. झेनचे क्लच, ब्रेक, बेअरिंग मिळतात. अडतं ते रबर, काच, प्लॅस्टिक.

घरचं काम अवघड आहे म्हणून बंद पडत नाही. ते बंद पडतं गाडी स्टँडवर महिनोन् महिने उभी राहिली की. घरातले विचारायचे थांबतात, आपणही शेडकडे जायचं टाळतो. आठशेत शनिवारी खोललेलं रविवारी बसवता येतं, कारण भाग हाताशी असतो. हे मला स्वतःला निर्णायक वाटलं. मात्र आठशेच्या बाजारी भागांत नकली मालही भरपूर आहे. काही फेंडर इतके पातळ की अंगठ्यानं दबतात. जुना तुकडा सोबत नेऊन वजन आणि जाडी हातात घेऊनच घ्यावा.

याच तर्कानं १९८६ च्या आधीची, पहिली आठशे घरच्या कामासाठी मी सुचवणार नाही. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात किल्ली दिली ती या जातीची. तिचं मोल मोठं, पण बॉडी वेगळी असल्यानं तिचे भाग शोधणं झेनपेक्षाही जिकिरीचं आहे.

सुधारणा करायला आठशेत वाव जास्त, कारण मुळात कमी दिलेलं आहे. सगळ्यात समाधान देणारं काम म्हणजे हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा छोटा स्विच. मूळ गाडीत दिव्याचा सगळा करंट स्विचमधून फिरून जातो, दिव्यापर्यंत व्होल्टेज पडतं. बॅटरीवरून जाड वायर आणि दोन रिले टाकले की तोच बल्ब वेगळा वाटतो. पायाखालचा पत्रा साफ झालाच आहे तर कार्पेटच्या आधी आवाज दाबणारी शीट चिकटवून घ्या. ब्रेकचं काम मात्र घरी शिकू नका, ते जाणत्याच्या देखरेखीखाली करा. झेनला असं फारसं काही लागत नाही, आणि हा तिचा मोठेपणाच आहे.

ऑल्टोचं बारा व्हॉल्व्हचं इंजिन आठशेत बसवण्याचा मोह अनेकांना होतो. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आधी समजून घ्या. आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडकते. रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते. नूतनीकरणाची फी पंधरा वर्षांपुढच्या कारला ५,००० रुपये आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारला १०,०००. वर राज्याचा पर्यावरण कर. हे दोघींनाही लागू आहे, त्यामुळे ज्या गाडीचे कागद चालू आहेत तिला थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

एवढं वाचूनही मन झेनवरच असेल तर ते मला समजतं, मित्राची गाडी चालवायला मिळाली की मीही सोडत नाही. फक्त गाडीचा सौदा करण्याआधी भंगारात निघालेली दुसरी एक झेन शोधून ठेवा. इंजिन असलं-नसलं तरी चालेल. चारही दारं काच, रनर आणि हँडलसकट शाबूत आहेत ना, एवढं बघा आणि ती घरी आणल्यावरच पहिलीचा पहिला बोल्ट सोडा.