घरपोच होम थिएटर फिटिंग: सिनेमाला पास, झेनाकिसला काठावर

नाशिकात एमजी रोडवरून घ्या नाहीतर कॉलेज रोडवरून, ५.१ च्या संचाबरोबर (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) दुकानाचा माणूस घरी येऊन फिटिंग करून देतो. ही सेवा सिनेमासाठी चांगली आहे. वायरी पट्टीतून नीट जातात, जोडण्या घट्ट असतात, रिमोट समजावून मिळतो. पण घरी नोनो, झेनाकिस, स्टॉकहाउझेन अशा विसाव्या शतकातल्या प्रयोगशील संगीतकारांच्या रचना लावणाऱ्याने ती जशीच्या तशी स्वीकारू नये.

कारण सोपं आहे. सिनेमात मागचे स्पीकर पाऊस, गर्दी, हेलिकॉप्टर एवढ्यापुरतेच बोलतात, म्हणून फिटर ते सोफ्यामागे छताजवळ ठोकतो आणि मोकळा होतो. या संगीतात मागच्यांचा दर्जा पुढच्यांइतकाच. नोनोचं ‘प्रोमेतेओ’ १९८४ साली व्हेनिसच्या सान लोरेन्झो चर्चमध्ये झालं तेव्हा श्रोते मध्ये आणि वादक-गायक चहूबाजूंनी होते. त्याच्या सुपर ऑडिओ सीडीत (दोनाहून जास्त चॅनल साठवू शकणारी डिस्क) ती मांडणी पाच चॅनलमध्ये, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठी वेगळ्या आवाजात, उतरली आहे. मागचे दोन छताला चिकटलेले असले की अर्धं गायकवृंद माळ्यावर बसल्यासारखं वाटतं. सबवूफरचा नॉब तर नाशिक ढोल दणाणला पाहिजे या बेताने फिरवलेला असतो. “सर, बेस अजून वाढवू का?” असं विचारलं की नको म्हणायचं.

सर्वात आधी जागा. मानक मांडणीत पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर, सगळे कानाच्या उंचीला. कोनमापक शोधायची गरज नाही, दोन फुटी टाइल हाच आलेख. बसायच्या जागेपासून पुढचे स्पीकर तीन टाइल पुढे आणि पावणेदोन टाइल बाजूला, तर मागचे तीन टाइल बाजूला आणि एक टाइल मागे. हॉल अरुंद असेल तर प्रमाण तेच ठेवून आकडे कमी करा. मागचे स्पीकर भिंतीवर नकोत, स्टँडवरच हवेत, कारण ते हलवावे लागतात. ‘कोंटाक्टे’सारखी रचना (१९५८-६०) चार चॅनलची आहे. तिच्यासाठी स्टॉकहाउझेनने फिरत्या टेबलावरचा स्पीकर चार बाजूंच्या मायक्रोफोनांनी टिपून आवाज गोल फिरवला. ११० अंशांच्या मांडणीत पाठीमागे १४० अंशांचं भगदाड राहतं, आणि फिरता आवाज तिथे पोचला की एका कानामागून दुसऱ्या कानामागे उडी मारतो. चार चॅनलवरून केलेल्या ध्वनिमुद्रणाला मागचे स्पीकर दोन टाइल मागे, दोन टाइल बाजूला न्या आणि रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणारा डबा) नोंदवलेलं त्यांचं अंतर बदला. फूटभर चूक म्हणजे जवळपास ०.९ मिलिसेकंदाचा फरक. आणि स्टिरिओ सीडीवर ‘सराउंड’चं बटण दाबून हे चार चॅनल परत मिळत नाहीत, रिसीव्हर फक्त अंदाज बांधतो.

रिसीव्हर ज्याने स्पीकरांची अंतरं मोजतो तो मायक्रोफोन फिटर हातात धरून उभा राहतो. तो ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, पंखा बंद करून लावायला सांगा. नंतर सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसलं तर दुरुस्त करू नका. त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज उशिरा येतो आणि ते अंतर त्याचीच भरपाई असते. दोन स्पीकरांच्या मधला आवाज पोकळ, जागा नसलेला वाटला तर एकाच्या वायरी उलट जोडल्या आहेत. शंका असेल तर वायर रिसीव्हरकडून सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर वूफरचा (त्यातल्या खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) शंकूसारखा पडदा बाहेर यायला हवा.

सुपर ऑडिओ सीडी लावली आणि मागून काहीच आलं नाही, तर बहुतेक वेळा प्लेअर साधा सीडीचा किंवा दोन चॅनलचा थर वाचतोय. मेनूत ‘मल्टी’ निवडा. प्लेअर थेट रिसीव्हरला एचडीएमआयने जोडा, टीव्हीतून फिरवू नका. ऑप्टिकल वायरीतून हे पाच चॅनल जातच नाहीत. डीएसडीऐवजी (सुपर ऑडिओ सीडीचं मूळ डिजिटल रूप) पीसीएम (साध्या सीडीचं डिजिटल रूप) पाठवलेलं बरं, कारण बऱ्याच रिसीव्हरमध्ये थेट डीएसडीवर अंतर आणि बेसचं नियोजन चालत नाही. शास्त्रीय संगीताच्या अनेक सराउंड डिस्क ५.० (सबवूफरच्या चॅनलविना) असतात, त्यामुळे सबवूफरचा स्वतंत्र चॅनल मुका राहिला तर बिघाड शोधू नका. नाईट मोड आणि डायनॅमिक रेंजचं आकुंचन मात्र आठवणीने बंद करा, नाहीतर ‘प्रोमेतेओ’तले जेमतेम ऐकू येणारे सूर आणि मोठे सूर सारख्याच मोठ्याने ऐकू येतात.

खोलीसाठी झेनाकिसचं ‘ला लेजांद देर’ हा कडक परीक्षक आहे. १९७८ साली पॅरिसच्या पोंपिदू सेंटरसमोर उभारलेल्या डायाटोप या मंडपासाठीची ही रचना, ५.१ मध्ये डीव्हीडीवर आली आहे. सुरुवात अतिशय उंच, बारीक शिट्यांसारख्या सुरांनी होते. गुळगुळीत टाइल आणि सरकत्या काचेच्या हॉलमध्ये ते सूर कुठून येतात तेच कळेनासं होतं. मध्ये जाड सतरंजी, काचेवर जाड पडदा आला की दिशा परत येतात. सुरुवातीला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, मधला भाग प्रचंड दाट आणि मोठा आहे. पातळी तिथे ठरवा आणि मग पहिल्यापासून लावा.

ऑर्डर देतानाच दुकानदाराला सांगून ठेवा: मागच्यांसाठी भिंतीला भोकं नकोत, दोन स्टँड हवेत, आणि मागच्या वायरी दीड-दोन मीटर जास्त ठेवा. ही मागणी फिटर आल्यावर केलीत तर त्याच्याकडे तेवढी वायर नसते.