कोरीव चामड्याचा ऑनलाइन संच: हत्यारं चालतील, चामडं दुसरं आणा

भेट द्यायला घरच्या घरी चष्म्याचं घर, कार्डांचं पाकीट, खांद्याला लावायची छोटी बॅग करावी, वर फुलं-वेली किंवा नाव कोरावं, अशा हौशी लोकांसाठी ऑनलाइन जे संच मिळतात त्यांतल्या मधल्या किमतीच्या, अडीच-तीन हजारांच्या संचाबद्दल हे लिहिलं आहे. संचाचं नाव देत नाही, कारण नावात काही नाही. तोच डबा चार-पाच नावांनी विकला जातो. इंदूरमध्ये हे सामान एका छताखाली मिळत नाही, म्हणून बहुतेक लोक हाच डबा मागवतात. मत आधीच सांगून टाकतो: हत्यारांसाठी घ्यायला हरकत नाही, चामड्यासाठी मुळीच घेऊ नका.

डब्यात काय येतं? फिरत्या पात्याचा स्विव्हल चाकू, वीस ठसे, नायलॉनची मोगरी, ४ मिमी अंतराचे दोन आणि सहा दातांचे भोकपाडे, काठ तासणारं बेव्हलर, शिवणीची खाच पाडणारं हत्यार, आरी, बोथट टोकाच्या सुया, मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, काठ घासायचं लाकडी स्लिकर आणि चामड्याचे चार तुकडे. फोटोत ठशांचीच गर्दी दाखवतात, कारण गिऱ्हाईक नग मोजतं. पण सुंदर काम पाच-सहा ठशांत होतं. बाकीचे डब्यातच राहतात.

आता चामडं. संचातले चारही तुकडे क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांवर) कमावलेले आहेत, वर रंगाचा थर दिलेला. पर्सच्या अस्तराला ठीक, कोरायला निरुपयोगी. क्रोमचं चामडं स्प्रिंगसारखं असतं: ठसा मारला की खड्डा पडतो आणि तासाभरात भरूनही येतो. झाडांच्या सालीतल्या टॅनिनवर कमावलेलं, बाजारात ज्याला व्हेज-टॅन म्हणतात ते चामडं ओलं झालं की मऊ पडतं, दाबलेला आकार धरतं आणि सुकल्यावर तसंच ताठ राहतं. सगळं कोरीवकाम या एका गुणावर उभं आहे. संचाच्या माहितीत ‘अस्सल चामडं’ लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण त्याचा कोरण्याशी काही संबंध नाही.

ओळखायला सोपं आहे. तुकडा कापून काठ बघा. क्रोमचा काठ आतून निळसर-राखाडी असतो, व्हेज-टॅनचा बदामी. रंग आरपार गेला असेल तर ही खूण फसते. मग कोपरा ओला करून नखाने रेघ ओढा आणि सुकू द्या. रेघ गेली, तर तुकडाही गेला समजा. जाळून बघायची पद्धतही सांगतात (क्रोमची राख हिरवट येते), पण तो धूर आणि ती राख घरात नको.

भारतात व्हेज-टॅनची कमतरता नाही. तमिळनाडूत पूर्वी तरवडाच्या सालीत आणि आता मुख्यतः वॅटलच्या (ऑस्ट्रेलियन बाभळीच्या) अर्कात कमावून हिरड्याने उजळवलेलं ‘ईआय’ म्हणजे ‘ईस्ट इंडिया’ चामडं निघतं. शांतिनिकेतनच्या रंगीत उठावदार पर्स ज्या जातीच्या चामड्यावर करतात ते हेच. कोल्हापुरी चपलेचं चामडंही बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं, म्हणजे व्हेज-टॅनच, पण ते जाड आणि ताठ. ठळक ठसे उमटतील, बारीक पाकळ्या नाहीत. इंदूरची चामड्याची खेळणी, ते जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेले घोडे नि उंट, बघून कुणाला वाटेल की चामडं तर गावातच आहे. ते काम वेगळं. तिथे तारेच्या सांगाड्यावर भरण करून वर पातळ चामडं चिकटवतात. त्या जाडीवर चाकू चालवला तर आरपार जाईल.

मागवताना जाडी मिमीमध्ये सांगा. कार्डांच्या पाकिटाला १.२ ते १.५, चष्म्याच्या घराला २, बॅगच्या झाकणाला २.५, पट्ट्याला ३ ते ३.५. कुठे औंस लिहिलेलं असेल तर १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी. माल चौरस फुटावर विकतात. चष्म्याच्या घराला १८ × १८ सेंमीचा तुकडा लागतो: मधून दुमडून १८ × ९, एक लांब आणि एक आखूड बाजू शिवायची, दुसरी आखूड बाजू उघडी. वाया जाणारं धरून अर्धा चौरस फूट पुरतो. वरचा थर घासलेला किंवा प्लास्टिकसारखा चकाकणारा नको. पाणी शोषत नसेल तर परत पाठवा. आणि तुकडा मापाला आधी कापू नका. ठोकताना चामडं पसरतं, चौकोन वाकडा होतो. दोन्हीकडे सेंमीभर जास्त ठेवून कोरा, मागच्या बाजूला पॅकिंगची टेप लावा म्हणजे ताण कमी बसतो, आणि सुकल्यावर मापाला कापा.

पाणी किती द्यायचं, यावर अर्धं काम अवलंबून आहे आणि संचाच्या पत्रकात याबद्दल एकच वाक्य आहे: ‘चामडं ओलं करा.’ स्पंजने तुकडा सगळीकडे एकसारखा भिजवा, एका जागी जास्त पाणी पडलं तर तिथे डाग राहतो. मग लगेच हात लावू नका. गडद झालेला रंग मूळ रंगाकडे परतायला लागला, पण गालाला लावल्यावर गारवा जाणवतो, ती वेळ कोरायची. फार ओलं असेल तर ठसा लगद्यात पडल्यासारखा उठतो आणि कडा बुजतात. फार कोरडं असेल तर चाकू अडखळतो आणि ठशाखाली ती गडद तपकिरी झाक येत नाही, जी चांगल्या कामाची खूण आहे. इंदूरच्या मे महिन्यात पंख्याखाली बसलात तर अर्धी वेल होईपर्यंत दुसरी अर्धी सुकलेली असते. पंखा बंद, आणि ज्या भागावर काम चालू नाही त्यावर प्लास्टिक. उत्तम म्हणजे रात्री भिजवून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. ओल आतपर्यंत सारखी मुरते.

इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी चालतं. बोअरच्या पाण्यापासून सावध. त्यात लोह असेल तर टॅनिनशी जुळून निळे-काळे ठिपके उठतात, जुन्या काळी लोखंड आणि हिरड्याची शाई करत तोच प्रकार. ओल्या चामड्यावर कात्री विसरली, मुलामा उडालेला ठसा मारला, शेजारी कुणी लोखंड कानसलं आणि कीस उडाला, तरी तेच. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाने बराच जातो. रस पूर्ण तुकड्यावर फिरवायचा, नाहीतर त्या जागचा रंग फिका राहतो.

संचातला चाकू पहिल्या दिवशी वापरू नका. पात्याला धार आहे पण पॉलिश नाही, त्यामुळे तो चामडं कापत नाही, ओरबाडतो. काचेवर १००० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवून पात्याच्या दोन्ही उतरत्या बाजू घासा, मूळचा कोन न बदलता. नंतर चामड्याच्या चिंधीवर हिरवं क्रोमियम ऑक्साइडचं पॉलिश चोळून त्यावर पातं मागे ओढत राहा, आरशासारखं दिसेपर्यंत. काम करतानाही मधूनमधून चार-सहा वेळा ओढायचं. तर्जनी वरच्या कमानीत, अंगठा आणि मधलं बोट नळीवर, चाकू सरळ उभा. तिरका धरलात तर काप तिरका जातो आणि ठसा मारल्यावर पाकळीची कड उचकटते. खोली जाडीच्या एक तृतीयांश ते अर्धी. २ मिमीवर त्याहून जास्त गेलात तर दुमडताना चामडं तिथेच तडकेल.

ठशांमध्ये बेव्हलर (काठ तासणारं हत्यार नव्हे, त्याच नावाचा ठसा) सगळ्यात महत्त्वाचा. कापाच्या कडेला लावून बाहेरची बाजू दाबायची, म्हणजे पाकळी वर आल्यासारखी दिसते. ठसा निम्म्या रुंदीने सरकवत ठोकत जायचं, उचलून दुसरीकडे ठेवायचा नाही. अंतर राहिलं तर जिन्याच्या पायऱ्या दिसतात, आणि नवख्याचं काम बहुतेक इथेच ओळखू येतं. संचातल्या या ठशाच्या कडा फार तीक्ष्ण आहेत, चामडं कापतात. ६०० नंबरच्या पेपरने नुसती धार मोडा. पाकळीत खोलगट छटा आणणारा पेअर शेडर आणि पार्श्वभूमीचे ठसे आहेत तसे चालतात. शिरा उमटवायचा वेनर मात्र इतका उथळ आहे की नसल्यात जमा.

मोगरी हलकी आहे. तिने पार्श्वभूमी भरायला हात दुखतो. चारशे ग्रॅमच्या आसपासची लाकडी किंवा पॉलीची घ्या. लोखंडी हातोडी वापरली तर ठशाचं डोकं पसरतं. खाली दगड हवा, तो संचात येत नाही. ओट्याचा ग्रॅनाइट बसवणाऱ्याकडे उरलेला तुकडा मिळतो, पण तो साधारण १६-१८ मिमीचाच असतो. एकावर एक दोन चिकटवून फूटभर चौकोन करा. दगड टेबलाच्या मधोमध नाही, पायाच्या बरोबर वर ठेवा, नाहीतर प्रत्येक ठोका टेबलाने खाल्ला जातो. खाली रबराची चटई घातली तर खालच्या मजल्यावरचे काका संध्याकाळी वर येणार नाहीत.

भेटवस्तूवर नाव हवंच असतं. संचात इंग्रजी अक्षरांचे ठसे आहेत, देवनागरी नाहीत, आणि ते बरंच आहे. ठशांनी मारलेली देवनागरी शिरोरेषा दर अक्षराला तुटते. चाकूने कोरा: ट्रेसिंग फिल्मवर नाव लिहा, सुलट, आरशातलं नाही, बोथट टोकाने दाबून ओल्या चामड्यावर उतरवा. आधी शिरोरेषेच्या दोन्ही कडा स्टीलच्या पट्टीने एका दमात कापा (पट्टी लगेच उचला, मघाचा काळा डाग आठवा), मग काने आणि उभ्या रेघा, शेवटी गोलाई. अक्षराची उंची वेलांटी-मात्रा सोडून किमान १५ मिमी. त्याखाली ‘क्ष’ आणि ‘श्री’ची पोटं बुजतात. ‘ज्ञानेश्वरी’सारखं लांब नाव असेल तर बरीच जागा जाते, तिथे नुसतं ‘ज्ञा’ मोठं कोरलेलं जास्त शोभतं.

शिवण संचातल्या सामानावर नीट होते. शिवायच्या दोन्ही कडा खरवडून फेविकॉल एसआर जातीचा गोंद लावा, भोकपाड्याच्या दातांना मेण चोळा नाहीतर तो अडकून बसतो. २७ सेंमी शिवणीला चौपट आणि थोडा वर, म्हणजे सव्वा ते दीड मीटर दोरा, दोन सुयांनी दोन्हीकडून. दोन टाके परत, दोरा कापून टोक लायटरने वितळवा.

काठाला ४००, ६००, १००० असा पेपर, मग ओलसर करून स्लिकरने जोरात घासणं. काठावर लावायचा परदेशी डिंक महाग आहे. उन्हाळ्यात सरबतात घालतात तो गोंद कतीरा रात्रभर भिजवून, पातळ करून, गाळून लावला तरी काठ काचेसारखा होतो. थोडाच करा, दोन-तीन दिवसांत त्याला वास येतो.

रंग स्पिरिटचा, आणि तो पूर्ण सुकल्यावर नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं, चामड्यासाठी वापरतात ते तेल) एक पातळ हात. स्वयंपाकघरातलं तेल नको. मोहरीचं खवट होतं. खोबरेल इंदूरच्या थंडीत थिजतं आणि कोरीव खाचांत पांढरं दिसतं. शेवटी वरून रेझिस्ट (पुढचा रंग आत शिरू न देणारा पारदर्शक थर), त्यावर अँटिक पेस्ट (गडद रंगाचा लेप) खाचांत भरून लगेच पुसायची. हे दोन्ही संचात नाहीत आणि त्यांच्याशिवाय नक्षी उठून दिसत नाही, त्यामुळे हजारभर रुपये वेगळे धरूनच हिशेब करा. टिच बटण किंवा बक्कल लावायचं असेल तर पितळेचं. मुलामा दिलेलं लोखंडी एका पावसाळ्यात आजूबाजूचं चामडं काळं करतं. पितळेवर हिरवी पूड येते, पण ती पुसली जाते.

पहिली भेट म्हणून बॅग करायला जाऊ नका. बॅगला चार-पाच चौरस फूट चामडं जातं आणि झाकणावरची एक चूक सगळं वाया घालवते. चष्म्याचं घर सात-आठ तासांचं काम, सुकायला एक दिवस वेगळा. आणि ज्यांना द्यायचं त्यांना चामडं चालतं का ते आधी विचारा. चामडं देव्हाऱ्याजवळ न नेणारी, काही घरांत उंबऱ्याच्या आतही न आणणारी माणसं आहेत. आषाढ-श्रावणात देत असाल तर प्लास्टिकमध्ये बंद करून देऊ नका, बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळा, सोबत सिलिका जेलची पुडी. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा द्या. उन्हात ठेवलं तर तुकडा वाकतो आणि रंग एकाच बाजूने गडद होतो.