स्वातंत्र्यवाद की पुरोगामी राजकारण : सोलापूरच्या मतदाराने काय पाहावे

सरकारने माणसाच्या व्यवहारात कमीत कमी पडावे असे मानणारा स्वातंत्र्यवाद आणि विषमता हटवण्यासाठी सरकारने हात घातलाच पाहिजे असे मानणारे पुरोगामी राजकारण, यांपैकी कोणाच्या मागे उभे राहावे असा प्रश्न ज्याला पडला आहे, त्याने आधी आगरकरांकडे पाहावे. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांकडून व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार घेतलेल्या आगरकरांनी मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याला पाठिंबा दिला. कायदा परक्या सरकारचा होता. पण मुलीवरचा जुलूम घराचा आणि रूढीचा होता, आणि तो मोडायला दुसरी शक्ती हाताशी नव्हती.

खासगी आयुष्यापुरते दोन्ही पक्ष आजही एकत्र आहेत. खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल असो की समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढणारा २०१८ चा, दोघांनाही तो आपलाच वाटतो. निवड करावी लागते ती बाजार आणि मजुरी यांच्यापाशी.

बाजाराच्या बाबतीत स्वातंत्र्यवादाची बाजू सोलापूरच्या मार्केट यार्डात सहज पटते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली आणि ती मे २०२४ पर्यंत खुली केली नाही. ग्राहकाला स्वस्त कांदा देण्याचा भार उत्पादकावर टाकला गेला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा नेमकी याच धोरणाविरुद्ध होती. पुरोगामी मंडळी शेतकऱ्याच्या कर्जमाफीबद्दल जितके बोलतात तितके या बंदीबद्दल बोलत नाहीत, हे मला खटकते. अर्थात कांदा विकत घेणाऱ्यांत शहराच्या पूर्व भागातील मजूर बाईही असते, ही त्यांची अडचण खरी आहे. याच संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून शेतकऱ्यांना आपली जमीन स्वेच्छेने पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले, तेव्हा कायद्याच्या सक्तीशिवायही पुरोगामी काम उभे राहू शकते हे दिसले.

मजुरीचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. कारखान्यातून पाने आणि तंबाखू घरी आणून दर हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर विड्या वळणारी स्त्री आणि तिचा कारखानदार यांच्यातला करार दोघांच्या मर्जीचा आहे, तेव्हा तिसऱ्याने त्यात पडू नये, असे स्वातंत्र्यवादी म्हणेल. परंतु ज्या घरात हे काम नाकारले तर दुसरे कामच नाही, तिथे मर्जी या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. विडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले, म्हणून तिला हक्क सांगता आले. सोलापूरजवळच्या कुंभारीतील रे नगर या कामगारांच्या वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्द झालेली पंधरा हजार घरेही संघटित मागणी आणि सरकारी अनुदान यांतूनच उभी राहिली. नुसत्या बाजाराने ती बांधली नसती.

तरीही स्वातंत्र्यवाद्यांचा एक इशारा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विडी कामगारांचा हाच कायदा केरळात लागू होताच १९६८ मध्ये मंगळूरच्या मोठ्या विडी कारखानदाराने कण्णूरमधले काम बंद केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्यावर १९६९ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थांतून दिनेश विडी उभी राहिली, आणि तिला राज्य सरकारची मदत होती. स्वेच्छेने एकत्र येणे आणि सरकारी भांडवल, दोन्ही लागले.

जातीच्या प्रश्नावर तर स्वातंत्र्यवाद त्याच्याच कसोटीवर अडचणीत येतो. मालमत्तेचा हक्क पवित्र मानणाऱ्या रॉबर्ट नॉझिक या अमेरिकन स्वातंत्र्यवादी तत्त्वज्ञानेही अन्यायाने मिळवलेल्या मालमत्तेची दुरुस्ती करावी लागेल, हे मान्य केले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन आणि पाणी नाकारले गेले त्यांच्या बाबतीत ही दुरुस्ती कोण करणार, याचे समाधानकारक उत्तर आपल्याकडील स्वातंत्र्यवादी लेखनात मला आढळलेले नाही.

म्हणून एकच बाजू घ्यायची असेल, तर सोलापूरसारख्या कामगारवस्तीच्या शहरात मी पुरोगामी राजकारणाची घेईन, मात्र निर्यातबंदी आणि परवान्यांच्या प्रश्नावर त्यांना धारेवर धरण्याच्या तयारीने. ज्याचे सारे उत्पन्न कांद्यावर आहे अशा उत्तर सोलापूर किंवा मोहोळच्या शेतकऱ्याने उलटा निर्णय घेतला, तर त्याला चूक म्हणणे मला जमणार नाही.