अंगठ्याला रंग लागला तेव्हाच उठायला हवं होतं

एकूण २८,१३० रुपये गेले. त्यातले १८,५५० माझ्या मोटरसायकलला फॉरवर्ड कंट्रोल बसवून देणाऱ्या माणसाच्या खिशात सरळ गेले आणि ९,५८० त्याने करून ठेवलेलं निस्तरण्यात. जुने पार्ट गेले ते वेगळेच. हे लिहायला दोन महिने लावले, कारण लाज वाटत होती. घरातही पूर्ण आकडा परवाच सांगितला. पण तो माणूस नव्या नावाने पुन्हा धंद्याला बसलाय असं कळलं, तेव्हा म्हटलं आता गप्प बसणं बरोबर नाही.

माझी रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५० आहे, २०१४ ची. मागेही डिस्क ब्रेक असलेली. माझी उंची सहा फूट एक इंच आणि उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तासभर चालवली की गुडघा आखडतो. पाय पुढे सोडून बसता आलं तर लांबचा प्रवास जमेल, एवढाच हेतू होता. 'या वयात कशाला नसते शौक' असं ज्यांनी ऐकवलं त्यांना सांगतो, हा शौक नव्हता. गाडी विकणं किंवा पाय पुढे नेणं, दोनच पर्याय माझ्यासमोर होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉरवर्ड कंट्रोल म्हणजे फूटरेस्ट, गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल मूळ जागेवरून उचलून इंजिनाच्या पुढे नेणं. पण गिअरची शाफ्ट आणि मागच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल ढकलणारा भाग) तिथेच मागे राहतात. म्हणून डावीकडे एक लांब रॉड, उजवीकडे एक लांब रॉड. सगळा जीव या दोन रॉडमध्ये आणि पायाचं वजन पेलणाऱ्या ब्रॅकेटमध्ये.

हे काम करणाऱ्या त्या माणसाचे व्हिडिओ मी महिनाभर बघत होतो. मग कामावरच्या एकाने सांगितलं, 'माझ्या मेव्हण्याने त्याच्याकडूनच करून घेतलं.' म्हणजे ओळखीतून गेलो, आंधळेपणाने नाही. किट 'इम्पोर्टेड, सीएनसी ॲल्युमिनियम', म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कापलेलं, किंमत १४,५००. आगाऊ ७,००० यूपीआयने. दहा दिवसांनी बोलावलं. उपनगरात भाड्याचा गाळा, भिंतीवर हत्यारं ओळीने टांगलेली, स्वच्छ. मला गाडीवर बसवलं, टेपने मांडी मोजली, पोटरी मोजली. म्हणाला, "काका, गुडघा पूर्ण सरळ ठेवायचा नाही, थोडा वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर खड्ड्यात सगळा दणका कमरेला बसतो." हे शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच मी फसलो. ज्याला काहीच येत नाही तो लगेच उघडा पडतो. ज्याला निम्मं येतं तो जास्त घातक.

आता तो क्षण. दोन महिने मी तोच पुन्हा पुन्हा आठवतोय.

त्याने खोक्यातून डावा ब्रॅकेट काढून माझ्या हातात दिला. जड होता. 'ॲल्युमिनियम एवढं जड?' हे मनात आलं होतं, शपथेवर सांगतो. परत देताना बघितलं तर अंगठ्याला काळा रंग लागलेला. ओला नव्हता, पण चिकट. आदल्या दिवशी स्प्रे मारलेल्या लोखंडाला लागतो तसा. परदेशातून महिनाभर प्रवास करून आलेल्या, कारखान्यात रंगवलेल्या पार्टचा रंग हाताला लागतो का कधी? मी बोट चिंधीला पुसलं आणि गप्प बसलो. तेवढ्यात चहा आला. ७,००० आधीच देऊन बसलो होतो, गाडीचे जुने पार्ट खोलून खाली ठेवलेले होते. त्या वेळी उठून 'नको' म्हणायला जो कठोरपणा लागतो, तो माझ्यात नव्हता. समोरचा 'काका, काका' करत असताना त्याला खोटारडा म्हणायचं कसं, हाच विचार.

दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. फ्रिजवर चिकटवायचा चालेल. ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही. माझे १४,५०० त्या एका चुंबकाने वाचले असते.

दुसरी खूणही डोळ्यासमोर होती. त्या लांब रॉडला एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. लॉकनट सैल करून रॉड जागच्या जागी फिरवला की दोन्ही जॉइंट एकदम जवळ येतात किंवा लांब जातात, आणि लिव्हरची उंची बारीकशी जुळवता येते. हा माणूस दर वेळी एका टोकाचा बॉलजॉइंट पूर्ण सोडवायचा, अर्धा फेरा फिरवायचा, पुन्हा बसवायचा. म्हणजे दोन्हीकडे सुलटेच आटे होते. नेहमीचा रॉड कापून आटे पाडलेले. मी विचारलंही. म्हणाला, "काका, याला असंच असतं, सेटिंग पक्कं राहतं." मी मान डोलावली.

मग एकेक आकडा वाढत गेला. किटचे राहिलेले ७,५००. त्यातून जुने फूटरेस्ट, ब्रेक पेडल, गिअर लिव्हर 'बायबॅक'मध्ये १,५०० वजा करून घेतो म्हणाला, म्हणजे ६,००० रोख. फिटिंगचे २,५०० रोख. मागच्या ब्रेकची नळी लांब लागते म्हणून १,८५० यूपीआयने. आरटीओने अडवू नये म्हणून 'मंजुरीचं सर्टिफिकेट' १,२०० रोख. बिल 'जीएसटीचं पोर्टल बंद आहे, व्हॉट्सॲपवर पाठवतो.' ते आजतागायत आलेलं नाही.

नळीचं ऐका. मास्टर सिलिंडर हललाच नव्हता, रॉडने पेडल पुढे नेलं होतं. मग नळी लांब कशाला लागेल? लागतच नाही. आणि बदललीही नव्हती. नंतर बघितलं तर कंपनीची जुनीच नळी होती. नसलेल्या कामाचे १,८५०. आणि तो मंजुरीचा कागद! अशी मंजुरी कुठलाही गॅरेजवाला विकू शकत नाही. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, तिथे एक फोन केला असता तर कळलं असतं. मी केला नाही, कारण कागदावर गोल शिक्का होता.

जुने पार्ट कुणालाही देऊ नका. कितीही कमी-जास्त करायला तयार झाला तरी नाही. पिशवीत भरून घरी आणा. ते असते तर मी गाडी एका दुपारी पूर्ववत केली असती. थंडरबर्ड २०२० मध्ये बंद झाली. आता ते पेडल शोधत हिंडावं लागतंय.

तीन आठवडे गावात चालवली. ॲव्हरेज कमी झालं असं वाटलं. गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना मध्येच न्यूट्रल लागायचा. मनाची समजूत घातली की सवय व्हायला वेळ लागतो. एका संध्याकाळी मुलगी स्कूटरवर माझ्या मागून येत होती. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, पायाचा ब्रेक दाबल्यावर तुमचा मागचा दिवा लागत नाही." ब्रेकलाइटच्या स्विचची स्प्रिंग त्याने जोडलीच नव्हती, तारेने फ्रेमला बांधून ठेवली होती. तीन आठवडे मी पुण्याच्या रहदारीत दिव्याविना ब्रेक मारत होतो. त्याला फोन केला तर "या कधीही, दोन मिनिटांचं काम." मी तेव्हाही चिडलो नाही. तेव्हा चिडायला हवं होतं.

पुढच्या रविवारी बहिणीकडे साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाटात ट्रकांची रांग, मुंगीच्या गतीने चढण. अर्ध्यात जळका वास आला. मला वाटलं ट्रकचा क्लच. वर पोचेपर्यंत गाडी ओढेना, मागचं चाक धरल्यासारखं जड. बाजूला घेतली, बाटलीतलं पाणी डिस्कवर पडलं तर चर्र झालं. डिस्क निळी पडली होती.

कारण नंतर नीट समजून घेतलं, तुम्हीही घ्या. पेडल आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा पुशरॉड यांमध्ये थोडी मोकळीक ठेवावी लागते. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइलला टाकीत परत जायची वाट बंद राहते. पॅड घासत राहतात, तापतात, ऑइल फुगतं, आणि ब्रेक आपोआप अधिकच आवळतो. चढाला होतो म्हणून वाचलो. उताराला, वळणावर, मागचं चाक जाम झालं असतं तर आज हे लिहायला नसतो. फिटिंग झाल्यावर मागचं चाक उचलून हाताने फिरवा. पेडल दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. मोकळं फिरलं नाही तर पैसे देऊ नका. याला अर्धं मिनिट लागतं.

थोडी निवल्यावर उतरणीवरून पुढच्या ब्रेकवर जीव मुठीत धरून सुरूर फाट्यापर्यंत आणली. तिथल्या फॅब्रिकेशनवाल्याने पुशरॉडचा नट सैल केला आणि चाक मोकळं झालं. मग तो डाव्या बाजूला वाकून बघत राहिला. "पाव्हणं, ह्यावर पाय ठिवून आलासा पुण्यास्नं?" ब्रॅकेटच्या जोडाला केसासारखी चीर गेली होती. त्याने घासून दाखवलं: वेल्डिंग नुसतं वर थापलेलं, आत उतरलेलंच नाही, आणि धातू म्हणजे खिडकीच्या ग्रिलला वापरतात तसलं साधं लोखंड. त्याने घेतले ६५०, आणि सांगितलं की चालवत जाऊ नका. पिकअपने गाडी घरी आणली, ३,२००. डिस्क, पॅड आणि मास्टर सिलिंडरची सीलं, ५,७३०.

सोमवारी गाळ्यावर गेलो. शटर बंद. गाळामालक म्हणाला, "महिन्याच्या भाड्यावर होता, गेला." करारनामा? "तोंडी." फोन बंद. पेजचं नाव बदललेलं, मी ब्लॉक.

आता पुढचं लिहिताना खरा संताप येतो. चोर तर चोरच. पण ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं काय?

पहिल्या पोलीस ठाण्यात दीड तास बसवून सांगितलं, गाळा रस्त्याच्या पलीकडे आहे, तो आमच्या हद्दीत येत नाही. पलीकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही माणसाला समोरासमोर भेटलात, चहा प्यायलात, मग ही सायबर फसवणूक कशी? परत पहिल्या ठाण्यात. तिथे दुसरेच साहेब. त्यांनी माझा अर्ज न वाचता विचारलं, "गाडीत बदल केलात ना? परवानगी घेतली होती? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली तुम्हालाच ५,००० दंड बसेल." मी फिर्यादी म्हणून गेलो आणि आरोपी होऊन बाहेर आलो. शेजारी बसलेला एक जण हसला. ते हसू मी विसरणार नाही. आरसीवर लिहिलेली एकही गोष्ट बदलली नव्हती, इंजिन तेच, चेसिस तीच. पाय ठेवायची जागा बदलली, तीही गुडघ्यासाठी. पण त्या खुर्चीसमोर माझा आवाज निघाला नाही.

चार चकरांनंतर मिळालं काय? अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का. गुन्हा नोंदवलेला नाही. 'व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा.' न केलेल्या कामाचे पैसे घेणं, लोखंड देऊन ॲल्युमिनियमचे पैसे घेणं, खोटं सर्टिफिकेट विकणं, हा व्यवहाराचा वाद? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम मग कशासाठी आहे? आणि हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही भागात घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची. हे मला चौथ्या चकरेनंतर कळलं. तुम्ही पहिल्याच चकरेला कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. रोख दिलेल्या ९,७०० चा तर कसलाच पुरावा नाही. रोख देऊ नका. 'रोख दिलेत तर पाचशे कमी' म्हणाला की समजून जा. ऑनलाइन पैसे गेलेत हे लक्षात आल्या आल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. मी तीन आठवड्यांनी जागा झालो, तोवर पैसे खात्यात कशाला राहतील?

आता ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे एका बंद शटरचा पत्ता. म्हणून सांगतो, आगाऊ देण्याआधी जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या वेबसाइटवर तपासा. नाव-पत्ता तिथे दिसतो. क्रमांक द्यायला कां-कूं केलं तर तिथूनच परत फिरा.

माझ्यासारखे आणखी चौघे सापडलेत. एकाची बजाज ॲव्हेंजर आहे, त्याचाही डावा ब्रॅकेट तिथेच तडकलाय. पाच जणांनी एकत्र अर्ज दिला तर ठाण्यात 'दिवाणी बाब' म्हणणं जड जाईल. तेव्हा मांडी टेपने मोजणारा, भिंतीवर हत्यारं ओळीने टांगणारा, 'काका' किंवा 'दादा' म्हणत चहा पाजणारा असा कुणी तुम्हाला भेटला असेल, तर त्याचे मेसेज पुसू नका, यूपीआयच्या पावत्या जपून ठेवा आणि मला कळवा. ब्रॅकेट भंगारात टाकू नका, पुरावा आहे. आणि २०१४ च्या थंडरबर्डचं मूळ ब्रेक पेडल आणि डावा फूटरेस्ट कुणाकडे पडून असेल तर तेही सांगा. योग्य ती किंमत देईन, फक्त वस्तू आधी हातात घेऊन बघेन.