तालमीचा ग्रुप: सर्वांना खुला की ‘फक्त अ‍ॅडमिन’?

वाद वाढले की कोल्हापुरात तालमीच्या (गल्लीतल्या मंडळाच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न येतोच: सगळ्यांनी लिहायचं (खुला) की फक्त अ‍ॅडमिनने (बंद)?

अफवा: पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ फुटांना धोका. अशा पुराच्या रात्री खुल्या ग्रुपवर जुने फोटो फिरतात. अ‍ॅडमिनने डिलीट केले तरी पुढे गेलेले परत येत नाहीत. बंद ग्रुपवर हे थांबतं, पण कुठल्या गल्लीत पाणी शिरलं हे सांगणाराही गप्प होतो. हे नुकसान मोठं.

कष्ट: खुल्याला तीन-चार अ‍ॅडमिन लागतात. डिलीट करणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसतं. कारणही लिहावं, नाहीतर पक्षपाताचा आरोप होतो.

कायदा: सदस्याच्या पोस्टला, दोघांचा समान हेतू नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. आपल्यावर केस होईल या भीतीने अ‍ॅडमिनने सदस्यांची तोंडं बंद करू नयेत.

पुराच्या सूचनांना बंद ग्रुप; पण कुठे पाणी शिरलं हे सांगायला, वर्गणीचा हिशेब आणि तक्रारींना खुलाच हवा.