गणपतीपुढची युद्धनौका: ‘अँड्रोमेडा’ करावी की ‘कृष्णा’?

यंदा आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात गणपतीपुढे फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका करायची ठरली आणि पोरांमध्ये दोन तट पडले. गंमत म्हणजे जहाज एकच! ब्रिटिश नौदलात ते ‘अँड्रोमेडा’ होतं, आपल्याकडे आल्यावर ‘कृष्णा’ झालं. बडोद्यात आणखी कोणाच्या मनात अशी आरास असेल, तर आधी हे वाचा.

‘अँड्रोमेडा’ करायची तर साल ठरवावं लागतं. १९६८ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीतून नौदलात आली तेव्हा तिच्या पुढच्या डेकवर ४.५ इंची जोडतोफा होत्या. माझ्या मते तिचं सगळ्यात देखणं रूप हेच, आणि करायलाही सोपं. १:१०० मापात तोफेच्या नळीला पेनची रिफिल जाड पडते, उदबत्तीची काडी बरोबर बसते. पुढे मोठ्या दुरुस्तीत तोफा गेल्या. एक्झोसेट आणि सी वुल्फ क्षेपणास्त्रं आली. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात ती गेली ती याच रूपात. युद्धाचा देखावा हवा असेल तर हे घ्या, पण सी वुल्फच्या सहा नळ्या कापताना चिकाटी लागते.

१९९५ मध्ये भारताने ती घेतली. तिच्याच लीअँडर वर्गाची, म्हणजे त्याच मूळ आराखड्याची ‘निलगिरी’ माझगाव गोदीत बांधून १९७२ पासून आपण चालवत होतो, त्यामुळे हे जहाज आपल्या लोकांना परकं नव्हतं. क्षेपणास्त्रं उतरवली, ४० मिमी बोफोर्स आणि २० मिमी ओर्लिकन तोफा ठेवल्या आणि कोचीला कॅडेटांना, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्यांना, शिकवायला ती लागली, ती २०१२ मध्ये निवृत्त होईपर्यंत. पोरांची तक्रार एकच, पुढचा डेक ओका दिसतो. मग तिथे कॅडेट उभे करा ना! काडेपेटीच्या काड्या पावणेदोन सेंटिमीटरवर कापून पांढऱ्या रंगवल्या की झालं. कृष्णावर क्षेपणास्त्रं मात्र चिकटवू नका, ते चूक होईल.

नौदलाच्या निशाणाकडे नीट बघा. १९९५ ला तांबडा क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा होता. २००१ मध्ये क्रॉस काढला, २००४ मध्ये तो परत आला, मधोमध अशोकस्तंभाचे सिंह घेऊन. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेलं अष्टकोनी चिन्ह २०२२ चं. आपल्याला तेच लावावंसं वाटणार, मलाही वाटलं. पण ते निशाण या जहाजाने कधी पाहिलंच नाही.

जागेचं म्हणाल तर जहाज ११३ मीटर, म्हणजे १:१०० ला पावणेचार फूट. टेबल तीन फुटांचं असेल तर १:१५० घ्या, अडीच फुटांत बसेल.

माझं मत कृष्णाला. पुठ्ठ्यावर रेघ मारून ठेवली आहे, २००४ नंतरचं निशाणही रंगवून झालंय.