गच्चीवर सोलर हीटर बसवावा की पॅनल्स?

सोसायटीची गच्ची एकच, म्हणून हा प्रश्न. नेरूळच्या आमच्या सात मजली इमारतीत आधी पाणी तापवणारा सोलर हीटर होता, आता विजेची पॅनल्स आहेत. दोन्ही वापरून झालीत.

हीटरला नावं ठेवायला माझा जीव होत नाही. तेवढ्याच जागेतल्या उन्हाचा तो जास्त उपयोग करून घेतो. पॅनल जेमतेम पाचव्या हिश्श्याची वीज करतं. सातव्या मजल्यावर नळ सोडला की कढत पाणी यायचं. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सकाळी साडेसहाला बादली लावायची आणि धारेखाली हात धरून उभं राहायचं. पहिली बादली थंडगार, दुसरी अर्धी होईतो कोमट, तोवर मुलाची शाळेची बस खाली हजर. रात्रभर पाइपात निवलेलं पाणी आधी बाहेर पडायलाच हवं ना! आम्ही ते फरशीला, कुंड्यांना वापरायचो. बरेच जण मोरीत सोडायचे. मोरबे धरणातून इथवर आलेलं, पंपाने गच्चीवर चढवलेलं पाणी असं वाया जाताना रोज जिवाला लागायचं. रिटर्न लाइन, म्हणजे पाइपात निवलेलं पाणी परत टाकीत नेणारा वेगळा पाइप, टाकली तर हे थांबतं, पण जुन्या इमारतीत त्या खर्चाला सभेत कोणी तयार झालं नाही.

पॅनल्सची वीज कितव्या मजल्याला पोचते हा प्रश्नच नाही. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल उतरतं, फायदा सगळ्यांना. एका किलोवॉटला सावली नसलेली साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात आमचं उत्पादन बरंच खाली येतं, पण हीटरचं पाणी तरी तेव्हा कुठे तापायचं? फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान ठेवलं आहे. धूळ मात्र धुवावी लागते. आम्ही पंधरा दिवसांनी धुतो.

बेलापूरला बहिणीचं रो-हाउस आहे. टाकीपासून न्हाणीघर दहा फुटांवर. तिला मी हीटरच घ्यायला सांगितलं. तुमची इमारत उंच असेल, तर ठरवण्याआधी हीटर असलेल्या एखाद्या सोसायटीत सकाळी खालच्या मजल्यावर जा आणि बादली लावून बघा.